क्षमाशील रॅकेट

क्रीडासाहित्याच्या दुकानांत उभ्या असलेल्या एका गृहस्थाचें चित्र श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. वय पंचेचाळिशीच्या आसपास. दिवसभर बैठें काम. आठवड्यांतून दोनदां सायंकाळीं कार्यालयांतील तिघां सोबत्यांबरोबर पॅडेल नांवाचा खेळ तो खेळतो. आजवर मैदानावर भाड्यानें मिळणारी रॅकेट त्यानें चालवून घेतली. आतां स्वतःची घ्यावी असें त्याच्या मनानें घेतलें आहे. समोरच्या भिंतीवर पुष्कळ रॅकेटी टांगलेल्या आहेत. कांहीं गोल, कांहीं पाण्याच्या थेंबासारख्या, कांहीं पतंगासारख्या कोनदार. त्यांतली एक काळी, चकचकीत, नामांकित खेळाडूची सही मिरविणारी रॅकेट त्याच्या नजरेंत भरते. दुकानदार मात्र शेजारची एक साधी, गोल रॅकेट काढून त्याच्या हातीं देतो आणि म्हणतो, "साहेब, ही घ्या. ही फार 'फर्गिव्हिंग' आहे." गृहस्थ ती उलटसुलट करून पाहतो. आपणांस क्षमेची गरज आहे असें कोणी तोंडावर सांगितलेलें कोणाला आवडतें? त्याची नजर पुन्हां त्या काळ्या रॅकेटीकडेच वळते.

शब्द इंग्रजी असला तरी त्याचा अर्थ 'क्षमाशील' असाच होतो. निर्जीव वस्तु क्षमा कशी करील, असा प्रश्न एखाद्या शास्त्रीबोवांस पडेल. खेळाडूला तो पडत नाहीं. चेंडू चुकीच्या जागीं लागला असतांहि जी त्या चुकीची शिक्षा पुरती भोगावयास लावीत नाहीं, ती रॅकेट क्षमाशील. या गृहस्थानें कोणती रॅकेट घ्यावी, आणि क्षमाशील म्हणून विकली जाणारी रॅकेट खरोखरच तशी आहे कीं नाहीं हें त्यानें कसें पारखावें, याचा विचार आज करावयाचा आहे. प्रश्न त्याच्या पैशांचा तर आहेच. परंतु त्याहून अधिक त्याच्या उजव्या कोंपराचा आहे.

मुंबई-पुण्याकडे पॅडेलचीं मैदानें गेल्या थोड्या वर्षांतच झालीं असल्यामुळें खेळाची तोंडओळख आधीं करून देणें बरें. मैदान २० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे टेनिसच्या मैदानाहून बरेंच आटोपशीर. मधोमध ८८ सेंटिमीटर उंचीचें जाळें. दोन्ही टोकांना कांचेच्या भिंती, आणि उरलेल्या बाजूंना तारेची जाळी. दोघांविरुद्ध दोघे असा सामना. चेंडू टेनिसच्याच जातीचा, पण जरा कमी दाबाचा. गुण मोजण्याची रीत टेनिसचीच. सर्व्हिस मात्र चेंडूचा टप्पा पाडून, कमरेच्या वर न मारतां करावी लागते. या खेळाची खरी गंमत भिंतींत आहे. चेंडू एकदां जमिनीवर टप्पा घेऊन मागच्या कांचेवर आपटला तरी डाव संपत नाहीं. कांचेवरून परतणारा चेंडू उचलून पुन्हां पलीकडे धाडतां येतो. त्यामुळें टेनिसमध्यें जो फटका निर्णायक ठरतो, तोच येथें प्रतिपक्षाला आयती संधि देऊन जातो. चेंडू कितीहि जोरानें मारा, भिंत तो परत आणून देते. जोरापेक्षां संयमाला, आणि संयमापेक्षांहि चेंडू नेमक्या जागीं ठेवण्याला येथें किंमत अधिक.

मेक्सिको देशांतील आकापुल्को येथें एन्रिके कोर्क्वेरा या गृहस्थानें १९६९ सालीं आपल्या घराच्या आवारांत, भिंतींनीं वेढलेल्या लहानशा जागेंत हा खेळ सुरू केला. त्याचा मित्र आल्फोन्सो द होहेनलोहे यानें १९७४ सालीं तो स्पेनमधील मार्बेया येथें नेला, आणि लवकरच आर्जेंटिनांतहि त्याचें वेड पसरलें. आज या खेळांतील बहुतेक मोठे खेळाडू या दोन देशांचेच असतात. आरंभींच्या रॅकेटी म्हणजे निव्वळ लाकडी फळ्या होत्या. आजची रॅकेट पाहून कोणाहि महाराष्ट्रीय गृहिणीला आपल्या स्वयंपाकघरांतील झाऱ्याची आठवण होईल. तात नाहीं, विणकाम नाहीं. एक जाडसर पातें आणि त्याला सर्वत्र भोंकें. झाऱ्याचा दांडा लांब व पातें लहान, येथें उलट, एवढाच फरक. नियमाप्रमाणें तिची लांबी ४५.५ सेंटिमीटर, रुंदी २६ सेंटिमीटर व जाडी ३८ मिलिमीटर यांहून अधिक असतां कामा नये. दांड्याच्या टोकाला दोरी असते आणि ती मनगटांत अडकविल्यावांचून खेळण्यास परवानगी नाहीं. ही अट शहाणपणाचीच आहे; एवढ्याशा जागेंत चौघे जण वावरत असतांना घामट हातांतून सुटलेली रॅकेट कोणाच्या कपाळावर बसेल याचा नेम नाहीं.

आतां रॅकेटीची क्षमाशीलता म्हणजे काय, हें समजण्यासाठीं क्षणभर पॅडेल सोडून टेनिसकडे वळलें पाहिजे; कारण हा विचार प्रथम टेनिसमध्यें पक्का झाला, आणि तोहि एका वाईट खेळाडूच्या हातून. हॉवर्ड हेड हा अमेरिकन गृहस्थ पूर्वीं विमानांच्या कारखान्यांत अभियंता होता. बर्फावर घसरत जाण्याच्या धातुमय पट्ट्या, ज्यांना स्की म्हणतात, त्या तयार करून त्यानें पुष्कळ पैसा मिळविला आणि धंदा विकून तो स्वस्थ बसला. उतारवयांत त्यानें टेनिस शिकावयास घेतलें. पण शिकवणी लावूनहि खेळ कांहीं साधेना. दुसरा कोणी असता तर त्यानें नशिबाला बोल लावला असता. यानें रॅकेटीला लावला. चेंडू रॅकेटीच्या मध्यावर न लागतां कडेला लागला कीं ती हातांत गरकन फिरते, हें त्याच्या लक्षांत आलें. फिरणारी वस्तु जितकी रुंद, म्हणजे तिचें वजन मधल्या रेषेपासून जितकें दूर, तितकी ती फिरण्यास नाखूष असते, आणि ही नाखुषी रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें तर यंत्रशास्त्रांतील साधें तत्त्व. हेडनें रॅकेटीचें डोकें नेहमींच्या सुमारें दीडपट केलें आणि १९७६ सालीं त्याचें पेटंट घेतलें. प्रिन्स नांवाची ती रॅकेट बाजारांत आली तेव्हां लोक हंसले. ही म्हाताऱ्यांची रॅकेट, ही नवशिक्यांची रॅकेट, अशी तिची हेटाळणी झाली. मग १९७८ सालीं पॅम श्रायव्हर ही सोळा वर्षांची मुलगी तीच रॅकेट घेऊन अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेंत उतरली, उपान्त्य सामन्यांत मार्टिना नवरातिलोव्हाला हरवून अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचली, आणि हंसणें थांबलें. हेडच्या नांवाची कंपनी आज पॅडेलच्या रॅकेटीहि काढते, हा एक योगच म्हणावयाचा.

परंतु हेडची युक्ति पॅडेलमध्यें चालत नाहीं. रुंदीला २६ सेंटिमीटरचा बांध नियमानेंच घातलेला आहे, आणि बहुतेक रॅकेटी त्या मर्यादेच्या अगदीं जवळ असतात. तेव्हां येथें क्षमाशीलता आणावयाची ती डोकें मोठें करून नाहीं. त्याच डोक्याचा आकार, वजनाची मांडणी आणि आंतील द्रव्य बदलून. दुकानांतील भिंतीवर जे तीन आकार दिसतात त्यांचें रहस्य येथेंच आहे. रॅकेटीच्या पात्यावर एक जागा अशी असते कीं चेंडू तेथें लागला तर हाताला झटका कळत नाहीं आणि फटका स्वच्छ निघतो. क्रिकेट खेळणारांना ती ठाऊक आहे. तिला मराठींत हुकमी जागा म्हणावें. गोल रॅकेटींत ही जागा पात्याच्या मध्यावर, हाताच्या त्यांतल्या त्यांत जवळ आणि ऐसपैस असते. पतंगाकृति रॅकेटींत ती वर सरकते व आंखडते. वजनहि तिच्याबरोबर वर जातें. थेंबाकृति रॅकेट दोहोंच्या मधली.

वजन वर गेल्यानें काय होतें तें ज्यानें कधीं कुऱ्हाड हाताळली आहे त्याला सांगावयास नको. कुऱ्हाडीचें पातें दांड्याच्या टोकाला असतें म्हणून ती लाकूड फोडते. आणि त्याचसाठीं ती भराभर इकडे-तिकडे वळवितां येत नाहीं. हातापासून १० सेंटिमीटरवर असलेलें थोडेंसें वजन ४० सेंटिमीटरवर नेलें तर अंतर चौपट होतें, परंतु तें फिरविण्यास होणारा विरोध सोळापट होतो. स्मॅश मारण्यासाठीं ज्याचा खांदा व पाठ वर्षानुवर्षें तयार झाली आहे, त्याला हें टोकाचें वजन वरदान आहे. आपला गृहस्थ एका सायंकाळीं खरोखर जोमदार असे स्मॅश किती मारील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उरलेला सारा वेळ तो काय करीत असतो? मागच्या कांचेवरून आलेला चेंडू धांवत-पळत कसाबसा उचलतो, प्रतिपक्षाच्या डोक्यावरून उंच टाकतो, जाळ्याजवळ आला तर छातीवर आलेला चेंडू घाईघाईनें अडवितो. या सगळ्या कामांत रॅकेट झटकन वळली पाहिजे, आणि चेंडू मध्यावर येईल याची शाश्वति नसते. म्हणजे काळी रॅकेट ज्या कामासाठीं घडविली आहे तें काम तो क्वचित् करतो, आणि जें काम सतत करतो त्यासाठीं ती घडविलेलीच नाहीं.

गोल रॅकेट ही दुबळ्यांची, हा समजहि खरा नाहीं. मिगेल लाम्पेर्ती हा आर्जेंटिनाचा खेळाडू स्मॅशबद्दल विशेष प्रसिद्ध. आणि त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें धारण करणारी नॉक्स कंपनीची 'एम्. एल्. १०' ही रॅकेट गोलच आहे.

आकारानंतर द्रव्याचा विचार. रॅकेटीचा गाभा रबरासारख्या फेसाळ पदार्थाचा असतो. बहुधा तो ई. व्ही. ए. या नांवानें ओळखला जाणारा पदार्थ असतो. चपलांचे व बुटांचे हलके, मऊ तळ ज्याचे करतात तोच. या गाभ्याच्या दोन्ही अंगांना राळेंत भिजविलेल्या तंतूंचें कापड चढवून सारें सांच्यांत भाजून घेतात, आणि मग भोंकें पाडतात. तंतु एकतर कांचेचे, नाहीं तर कार्बनचे. कार्बनचा तंतु कांचेच्या तंतूच्या सुमारें तिप्पट ताठ असतो. त्यामुळें कांचतंतूची रॅकेट चेंडू लागतांच किंचित् लवते, मऊ गाभा दबतो, आणि धक्का थोड्या अधिक वेळांत पसरून हाताला पोहोंचतो. अर्थात् हा सगळाच व्यवहार सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत उरकतो. पण हात तेवढ्यांतलाहि भेद ओळखतो. कार्बनच्या रॅकेटींवर '३ के', '१२ के', '१८ के' असे आंकडे मोठ्या दिमाखानें छापलेले असतात. एका पेडांत किती हजार तंतु आहेत एवढेंच ते सांगतात. सोन्याच्या कॅरटप्रमाणें त्यांवरून प्रतवारी लावूं नये.

येथें एक गोष्ट नवशिक्याला उलटी वाटते. कडक रॅकेटीनें चेंडू जोरांत जातो अशी त्याची समजूत असते. पूर्ण ताकदीनें फिरविली तर तें खरें आहे. तेव्हां मऊ गाभा पुरता दबून जातो आणि त्याची मदत खुंटते. परंतु सावकाश फिरविलेल्या हातांत मऊ रॅकेटच चेंडू अधिक लांब टाकते. मागच्या कोपऱ्यांतून, कांचेला खेटून, जेथें हात मागें न्यावयास जागाच नसते, तेथून निघालेला चेंडू जाळ्यापलीकडे पडतो कीं अलीकडे, हें पुष्कळदां एवढ्यावरच ठरतें.

आतां कोंपराकडे येऊं. टेनिस एल्बो हें दुखणें टेनिसइतकेंच जुनें आहे. १८८३ सालीं विलायतेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत 'लॉन टेनिस एल्बो' असा त्याचा उल्लेख आलेला आहे. मनगट मागें उचलणारे जे स्नायु, त्यांचे दोर कोंपराच्या बाहेरच्या हाडाला बांधलेले असतात. त्या बांधणीच्या जागीं वारंवार ताण पडून तेथील कंडरा झिजत जातात. दुखणें पस्तिशी ते पंचावन्न या वयांत विशेष आढळतें, आणि ज्यांनीं कधीं रॅकेट हातीं धरली नाहीं असे सुतार, रंगारी व घरकाम करणाऱ्या स्त्रिया हेहि त्यांत पुष्कळ असतात. सचिन तेंडुलकरला २००४ सालीं याच दुखण्यानें गांठलें, आणि २००५ सालीं लंडनला जाऊन शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. त्याची बॅट जड असे हें सर्वांस ठाऊक आहे. पॅडेलमध्यें सोळा वर्षें जगांत अग्रस्थानीं राहिलेला फर्नांदो बेलास्तेगिन यालाहि २०१८ सालीं कोंपरानें खेळ थांबवावयास लावला होता. ज्यांचें शरीर हाच ज्यांचा धंदा, त्यांची ही कथा. मग आठवडाभर खुर्चीवर बसून दोन सायंकाळीं उडी घेणाऱ्या गृहस्थाची काय! त्याचें दुखणें मैदानावर लक्षांतहि येत नाहीं. तें दुसऱ्या दिवशीं पाण्याचा तांब्या उचलतांना, ओला पंचा पिळतांना, कोणाशीं हस्तांदोलन करतांना प्रगट होतें, आणि एकदां जडलें कीं महिनेच्या महिने हलत नाहीं.

रॅकेटीचा याच्याशीं संबंध मुठीतून येतो. चेंडू कडेला लागून रॅकेट फिरूं पाहते, तेव्हां हात तिला घट्ट आवळून धरतो. दोनचार वेळां असें झालें कीं हात आधींच आवळून बसतो आणि मग सबंध खेळभर तो सैल पडतच नाहीं. त्या आवळण्यांत तेच स्नायु, तेच दोर, तीच कोंपराची बांधणी गुंतलेली. क्षमाशील रॅकेट फिरत नाहीं, म्हणून मूठ सैल राहूं शकते. तिचा मोठा लाभ हा आहे. मात्र रॅकेट बदलल्यानें दुखणारें कोंपर बरें होतें असें कोणी सांगूं लागेल तर त्यावर विश्वास ठेवूं नये. त्यासाठीं विश्रांति, डॉक्टरांचा सल्ला आणि त्यांनीं सांगितलेला व्यायाम हाच मार्ग. वाईट रॅकेट दुखणें वाढवूं शकते. चांगली रॅकेट औषध होऊं शकत नाहीं.

या ठिकाणीं एक आक्षेप हटकून येतो, आणि तो काहींसा पंतोजींच्या थाटाचा असतो. चुका झांकणाऱ्या रॅकेटीनें खेळाडू बिघडतो. कडक रॅकेट हातीं दिली म्हणजे चूक होतांच हात झणझणतो आणि माणूस सुधारतो, असें हे लोक म्हणतात. जो मुलगा रोज चार तास शिक्षकासमोर खेळतो त्याच्या बाबतींत यांत तथ्य असेल. परंतु छडीनें वळण लागावयाचें तर मागोमाग शिकविणाराहि लागतो. आपल्या गृहस्थाचा हात झणझणला तर त्याची चूक त्याला सांगावयास कोण आहे? त्याचे तीन सोबती? ते आपापल्या चुकांत गढलेले. तो शिकतो तें इतकेंच, कीं मूठ अधिक आवळावी. शिवाय क्षमाशील रॅकेट क्षमा करते ती फक्त चेंडू दोन बोटें इकडे-तिकडे लागण्याची. पाय जागच्या जागीं खिळून राहिले, चेंडू कांचेवरून परत येईपर्यंत वाट पाहिली नाहीं, तर तीहि कांहीं करूं शकत नाहीं. शिस्त लावणाऱ्या गोष्टी मैदानावर भरपूर शिल्लक राहतात.

तिचे दोष मात्र लपवूं नयेत. दुकानदार ते सहसा सांगत नाहींत. फार मऊ रॅकेटीनें जाळ्याजवळचा चेंडू ठणकावतां येत नाहीं. तो पात्यांत रुतल्यासारखा होऊन निघतो आणि प्रतिपक्षाला वेळ मिळतो. उंच आलेला सोपा चेंडू स्मॅश करून भिंतीबाहेर घालवावा म्हटलें तर तेंहि अवघडच. खेळ वाढत गेला तर वर्षा-दोन वर्षांत ती अपुरी वाटूं लागेल. शिवाय मऊ गाभा लवकर दमतो. उन्हाळ्यांत तर तो मूळच्याहूनहि मऊ होतो आणि थंडींत कडक. पुण्यांत पौषांतील पहांटे जी रॅकेट नेमकी वाटली, तीच मुंबईंत वैशाखांत लिबलिबीत वाटेल. या कारणास्तव आपल्या हवेंत सर्वांत मऊ म्हणून मिळणारी रॅकेट न घेतां तिच्याहून एक पायरी कडक घेणें शहाणपणाचें. बंद मोटारींत उन्हाच्या वेळीं रॅकेट टाकून ठेवणें म्हणजे तर तिचें आयुष्य आपल्याच हातानें कमी करणें होय.

मग पारख कशी करावी? 'सॉफ्ट', 'मीडियम', 'हार्ड' हे शब्द सर्व कंपन्यांचे एका मापाचे नसतात. एकीचा मऊ तो दुसरीचा मध्यम असूं शकतो. तेव्हां छापील शब्द बाजूला ठेवावे आणि वजनापासून आरंभ करावा. रॅकेटीवर वजन छापलेलें असतें तें बहुधा '३६० ते ३७५ ग्रॅम' अशा ऐसपैस भाषेंत. पंधरा ग्रॅमचा फरक हाताला चांगलाच कळतो, म्हणून दुकानदाराला ती कांट्यावर ठेवावयास सांगण्यांत संकोच कसला? हौशी पुरुषाला साधारणपणें ३५५ ते ३७० आणि स्त्रियांना ३४० ते ३६० ग्रॅम ठीक पडतात. हलकी ती आरामाची असें समजून अगदींच हलकी घेणें हीहि चूकच. जिला चेंडूच ढकलून देतो तिचा धक्का शेवटीं हातालाच सोसावा लागतो.

त्यानंतर रॅकेट एका बोटावर आडवी तोलून पाहावी. दांड्याच्या तळापासून सुमारें २५ सेंटिमीटरवर ती तोलली तर वजन हाताकडे आहे; २६.५ च्या पुढें गेली तर तें टोकाकडे आहे, मग तिच्यावर कांहींहि छापलेलें असो. डोक्याच्या कडेला चिकटविण्याची रक्षकपट्टी दुकानदार आग्रहानें लावून देतो, तीहि तोलण्यापूर्वीं लावून घ्यावी; तिचें वजन थोडें, पण जागा नेमकी नको त्या टोकाला. मग दांडा हातीं धरून अर्धा मिनिट हवेंत आठाचा आंकडा काढीत राहावें. मनगटाला तेवढ्यांत ओढ जाणवली तर दोन तासांत काय होईल तें उघड आहे.

मुठीची जाडी बहुतेकांच्या ध्यानांतच येत नाहीं. पॅडेलच्या रॅकेटींचे दांडे जवळजवळ एकाच मापाचे येतात आणि माणसांचे पंजे तर निरनिराळे. मूठ धरल्यावर बोटांचीं टोकें आणि तळहात यांत दुसऱ्या हाताचें एक बोट मावावें. मावण्यापेक्षां जागा कमी असेल तर वरून एक पातळ गुंडाळी चढवावी. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत ही गुंडाळी घामानें लवकर बुळबुळीत होते, आणि बुळबुळीत दांडा माणूस आवळून धरतो. पांच-सात वेळां खेळून झालें कीं ती बदलावी. या चार पैशांच्या चिंधीकडे दुर्लक्ष करून हजारोंच्या रॅकेटीला दोष देणारे लोक प्रत्येक मैदानावर भेटतात.

रॅकेट जुनी घ्यावयाची असेल तर माठ घेतांना करतात तसें करावें. बोटाच्या पेरानें पात्यावर जागोजागीं वाजवून पाहावें. सर्वत्र एकसारखा आवाज आला तर बरें. कोठें बद्द वाजलें तर आंत गाभा सुटला आहे. कडेवरून आंगठा फिरवून बारीक तडा लागतो का तेंहि पाहावें.

खरी परीक्षा अर्थातच मैदानावर. दुकानदार किंवा मैदानवाला एकदोन दिवसांसाठीं नमुन्याची रॅकेट देत असेल तर ती मागून घ्यावी, आणि पहिला अर्धा तास सामना न खेळतां सोबत्याकडून सोपे चेंडू टाकवून घ्यावे. ते मुद्दाम पात्याच्या टोकाला, उजव्या कडेला, डाव्या कडेला घ्यावे. मध्यावर लागलेला चेंडू प्रत्येक रॅकेट चांगलाच टाकते. त्यावरून कांहींच कळत नाहीं. कडेला लागलेला चेंडू जाळ्यांत गेला कीं जाळें ओलांडून जरा अलीकडे पडला, दांडा हातांत वळला कीं वळतां वळतां राहिला, इकडे लक्ष द्यावें. मग मागच्या कोपऱ्यांत उभें राहून, हात फारसा मागें न नेतां, दहा-बारा उंच चेंडू टाकावे. नंतर खुशाल सामना खेळावा आणि शेवटचा अर्धा तास पुन्हां बारकाईनें पाहावा, कारण ताज्या हाताला कुऱ्हाडहि हलकी वाटते. थकलेल्या हातानें, पाय उशिरां पोहोंचत असतांना, जिच्यानें चेंडू मैदानांत पडत राहतो तिच्यांत कांहीं गुण आहे.

तेवढ्यावरहि निर्णय करूं नये. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गृहस्थानें न्हाणीघरांत भरलेला तांब्या उजव्या हातानें, कोंपर सरळ ठेवून, उचलावा. नेहमींसारखा उचलला गेला तर दुकानांत जाऊन ती गोल रॅकेट घ्यावी. कोंपराच्या बाहेरच्या हाडाशीं कळ आली तर आठ-दहा दिवस कोणतीच रॅकेट हातीं धरूं नये, आणि मग दुसरी आणून पुन्हां हाच प्रयोग करावा. एकदां ओरखडा पडलेली रॅकेट बहुतेक दुकानदार परत घेत नाहींत, तेव्हां नमुना मिळतो कीं नाहीं हें पैसे मोजण्यापूर्वींच विचारून घ्यावें.